१२४ ठोके, दोन बाळं

लेबर रूमच्या दारातून डोकं बाहेर काढलं की पहिला प्रश्न ठरलेला. "सिस्टर, लेकराचे ठोके बराबर हायेत ना?" विचारणारी बहुतेक वेळा सासू, कधी आई. नवरा चार पावलं मागे मोबाइल घेऊन उभा. मी म्हणते, "हो, एकशे चोवीस." लगेच चेहरे सैल होतात आणि कोणीतरी गावाकडे फोन लावतं, "ठोके बराबर हायेत म्हणते बाई." यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत बावीस वर्षं बाळंतपणं करताना हे उत्तर मी किती वेळा दिलं, त्याची गणती नाही. खरं सांगायचं तर ते अर्धंच उत्तर आहे.

कसं, ते आकड्यांतच दाखवते. बाळाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात. मी त्या मिनिटाचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे करते आणि केसपेपरच्या कडेला लिहीत जाते. एकटीला हे जमायला वेळ लागतो, पण हात बसला की बसतो. एका मिनिटाचे बारा आकडे होतात. हे एक बाळ बघा:

१०, १०, ११, १०, १०, ११, १०, १०, ११, १०, १०, ११.

आणि हे दुसरं:

७, ७, ८, ८, ९, १०, ११, १२, १३, १३, १३, १३.

बेरीज करा. दोन्हीकडे १२४ येईल. पहिल्या बाळाचं बरं चाललंय. दुसऱ्याचं हृदय मिनिटाच्या सुरुवातीला ८४ च्या गतीने चाललं होतं (सातला बाराने गुणा) आणि शेवटी १५६ वर पोचलं. मी मोजायला लागले तेव्हा कळ नुकतीच ओसरली होती. म्हणजे कळ संपल्यावरही ते बाळ सावरायला वेळ घेत होतं. फॉर्मवर मात्र दोघांच्याही नावापुढे एकच आकडा पडणार, १२४, नॉर्मल.

हे असं का होतं ते कळायला आधी पोटातला कारभार समजून घ्यायला हवा. पोटातलं बाळ श्वासावर जगत नाही. त्याची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. त्याला ऑक्सिजन मिळतो तो वारेतून. वार गर्भपिशवीच्या भिंतीला चिकटलेली असते, आईचं रक्त त्या भिंतीतून वारेपर्यंत येतं आणि तिथून नाळेवाटे ऑक्सिजन बाळाकडे जातो. आता कळ म्हणजे काय, तर पिशवीचा स्नायू आवळतो. तो आवळला की भिंतीतल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात आणि वारेकडे येणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. कळ गेली की पुन्हा सुरू.

आमच्याकडे उन्हाळ्यात पोरं विहिरीत पोहतात. काठावरून उडी, आत डुबकी, वर येऊन दम घ्यायचा, पुन्हा डुबकी. कळा म्हणजे बाळाच्या अशा डुबक्या. बाळंतपण भरात आलं की दहा मिनिटांत तीन ते पाच कळा येतात, एकेक चाळीस ते साठ सेकंदांची. धडधाकट बाळ अशा शेकडो डुबक्या मारून बाहेर येतं, त्याला काही होत नाही; निसर्गाने त्याला तेवढा साठा दिलेला असतो. पण आईचं बीपी वाढलेलं असेल, बाळाची वाढ खुंटली असेल किंवा दिवस वर गेले असतील, तर ते पोरगं आधीच दमलेलं असतं. आणि कळा दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त यायला लागल्या तर धडधाकट पोराचाही दम पुरत नाही, कारण वर येऊन श्वास घ्यायला वेळच उरत नाही.

काठावर बसलेली माय काय बघते? पोरगं पाण्याखाली आहे तेव्हा तिला काहीच दिसत नाही. ते वर आल्यावर कसं आहे, हसतंय की धापा टाकतंय, ते ती बघते. ठोके ऐकण्याचं शास्त्र यातच आलं. कळ चालू असताना ऐकायला लागायचं आणि ती गेल्यावर निदान अर्धं मिनिट ऐकत राहायचं. दोन कळांच्या मधल्या निवांत वेळात घाईने दहा-पंधरा सेकंद मोजून सहाने-चारने गुणलं, तर तो आकडा जवळजवळ नेहमीच छान येतो. त्यावर जाऊन कितीदा फसगत होते ते ज्याचं त्याला माहीत.

कळेबरोबर ठोके कमी झाले म्हणजे संकटच, असंही नाही. डोकं खाली सरकताना दबतं, तेव्हा कळेबरोबर ठोके थोडे उतरतात आणि कळेबरोबरच चढतात. ते चालतं. नाळ दबली तर ते धाडकन पडतात आणि तसेच झटकन वर येतात. असं एखाददुसऱ्या वेळी झालं तर बाळ ते निभावून नेतं. दर कळेला व्हायला लागलं आणि खड्डा खोल होत गेला तर मात्र काळजी. (नाळेचा गळ्याला वेढा या गोष्टीची आपल्याकडे फार धास्ती. चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याला तो असतोच आणि बहुतेकदा काही होत नाही. केवळ सोनोग्राफीत वेढा दिसला म्हणून सिझरचा आग्रह धरू नये.) सगळ्यात वाईट खड्डा तो, जो कळेच्या मागून सुरू होतो आणि कळ गेल्यावरही रेंगाळतो. वर लिहिलेल्या दुसऱ्या रांगेसारखा. याचा अर्थ वारेकडून ऑक्सिजन कमी पडतोय.

ठोक्यांची साधारण हद्द ११० ते १६०. खाली गेले की सगळे घाबरतात, वर गेले तर "जोरात चालू आहेत, चांगलंच आहे" म्हणणारेही भेटतात. १६० च्या वर सतत राहिले तर आईला ताप आहे का, पाणमोट फुटून किती तास झाले, पोटात जंतुसंसर्ग तर नाही, हे बघावं लागतं. आणि विदर्भात मे महिन्यात आणखी एक कारण असतं, ते म्हणजे तहान. बाहेर ४५ अंश, कूलर गरम हवा फेकतोय, आणि बाई सकाळपासून पाण्याच्या घोटाशिवाय पडलेली, कारण सोबतच्या बायका म्हणतात, "पाणी नको देऊ माय, उलटी होते." अशा बाईच्या बाळाचे ठोके मी १७० मोजलेत. लिंबूपाणी पाजलं, अंग ओल्या कपड्याने पुसलं, सलाईन लावलं, आणि तासाभरात १५० वर आले. ज्या बाईला काही गुंतागुंत नाही तिला कळांमध्ये पाणी द्यावं, हलकं खायलाही द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

एक उलटी वाटणारी गोष्ट. निरोगी बाळाचे ठोके घड्याळासारखे एकसारखे नसतात, क्षणाक्षणाला पाच-पंचवीसने वरखाली होत असतात, कारण बाळाचा मेंदू हृदयाचा लगाम सारखा ढिला-घट्ट करत असतो. हा चढउतार नाहीसा होऊन सपाट चाल लागली, तर एक तर बाळ झोपलंय, नाहीतर आईला गुंगीचं औषध दिलंय, नाहीतर खरोखरच बिघडतंय. झोपेत असेल तर साधारण चाळीस मिनिटांत ते जागं होतं.

आता ऐकायचं कशाने. सगळ्यात जुनं साधन म्हणजे तुतारीच्या तोंडासारखी नळी. १८९५ मध्ये आदोल्फ पिनार या फ्रेंच डॉक्टरने बनवली, म्हणून तिला पिनार म्हणतात. रुंद तोंड पोटावर, दुसरं टोक कानाला, हात सोडून द्यायचा. आवाज उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखा येतो. तो बाळाच्या पाठीवरून सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो, म्हणून आधी पोट चाचपून पाठ कुठल्या बाजूला आहे ते शोधावं लागतं. मग ठोके ऐकवणारं मुठीतलं यंत्र, डॉप्लर, आला आणि काम सोपं झालं. त्यात आवाज मोठ्याने येतो, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटल्यावर टापा ऐकू येतात तसा, आणि बाईलाही ऐकता येतो. तिचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

पण डॉप्लर एक खोड करतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बाईला डॉप्लर लावला, ११८ आले, मी खुशीत लिहून टाकले. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्यांनी न बोलता त्या बाईचं मनगट धरलं आणि मला म्हणाल्या, "आता मोज." नाडीही ११८. मी बाळाचे नाही, आईचेच ठोके ऐकत होते. कळा देऊन दमलेल्या बाईची नाडी सहज तिथवर जाते. डॉप्लर चार बोटं सरकवला तेव्हा बाळाचे १४६ लागले. त्या दिवशी बाळ ठीक होतं. नसतं, तरी मी ११८ च लिहिलं असतं. तेव्हापासून डॉप्लर उजव्या हातात, डावा हात आईच्या नाडीवर.

ऐकायचं किती वेळा? कळा भरात आल्यावर दर पंधरा ते तीस मिनिटांनी, आणि बाई जोर करायला लागली की दर पाच मिनिटांनी, प्रत्येक वेळी निदान एक मिनिट. वाचायला सोपं आहे. रात्रपाळीला एक सिस्टर, दोन टेबलांवर दोन बायका, तिसरी दारात आलेली, अशा वेळी करून बघा.

इथे लोक मशीनची गोष्ट काढतात. "यवतमाळले पट्टी काढते, तुमच्याकडे नाही का?" ती पट्टी म्हणजे सीटीजी. पोटाला दोन पट्टे बांधतात. एक ठोके टिपतो, दुसरा कळा. कागदावर वर ठोक्यांची रेघ आणि खाली कळांचे डोंगर. खालच्या डोंगरावरून कळ किती वेळाने आली आणि किती चालली ते कळतं. ती किती जोरात होती ते बाहेरच्या पट्ट्यावरून कळत नाही, म्हणून पोटावर हात ठेवावाच लागतो.

मशीन आलं तेव्हा मोठी आशा होती की मतिमंद किंवा हातपाय आखडलेली मुलं आता जन्मणारच नाहीत. १९८५ मध्ये डब्लिनचा मोठा अभ्यास आला, जवळजवळ १३ हजार बायकांचा. निम्म्यांना सतत मशीन, निम्म्यांना ठरावीक वेळाने कानाने ऐकणं. मशीनवाल्या गटात नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर आले, हा खरा फायदा. पण बाळमृत्यू कमी झाले नाहीत, आणि पुढे मुलं मोठी झाली तेव्हा हातपाय आखडण्याच्या आजाराचं प्रमाणही दोन्हीकडे सारखंच निघालं. नंतर असे १३ अभ्यास, ३७ हजारांवर बायका, एकत्र करून पाहिलं तरी हेच चित्र. वर सिझरचं प्रमाण मशीनवाल्यांत जास्त. कारण मशीन ओरडतं फार. पट्टी बिघडलेली दिसते आणि सिझर करून काढलेलं बाळ खणखणीत रडतं, असं पुष्कळदा होतं. शिवाय मुलांमधला तो आजार बहुतांश वेळा बाळंतपणाच्या आधीच, पोटात असताना सुरू झालेला असतो.

म्हणून सरळ चाललेल्या बाळंतपणात सतत मशीनची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांत म्हटलंय. बीपी वाढलेली बाई, जुळं, आधीचं सिझर, कळांची ड्रिप चालू असलेली, हिरवं पाणी आलेली, बाळाची हालचाल मंदावलेली, यांच्यासाठी मात्र ते हवं. आमच्या भागात यात सिकलसेलची, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार असलेली बाई धरायलाच पाहिजे. तिच्या वारेतल्या बारीक नळ्या अडतात, बाळ बारीक राहतं आणि डुबक्यांचा दम त्याच्यात कमी असतो. अशा बाईला आठव्या महिन्यातच कुठे बाळंत व्हायचं ते ठरवून ठेवावं. प्राथमिक आरोग्य केंद्र ती जागा नव्हे.

आता ठोके बिघडले तर काय करतो? पहिलं काम फुकटचं, बाईला डाव्या कुशीवर वळवायचं. उताणी झोपलेल्या बाईची जड पिशवी पाठीच्या कण्यापुढच्या मोठ्या रक्तवाहिन्या दाबते, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, बीपी पडतं, वारेकडचं रक्त आटतं. नुसतं वळवल्यावर ठोके सावरताना मी पुष्कळदा पाहिलेत. कळांची ड्रिप चालू असेल तर ती बंद. आतून तपासून नाळ पुढे घसरली नाही ना ते बघायचं. बीपी कमी असेल तर सलाईन. पाणमोट फुटली असेल तर पाण्याचा रंग. हिरवं, दाट असेल तर बाळाने आतच शी केलीय.

आणि इथे राग आल्याशिवाय राहत नाही ती गोष्ट लिहिते. गावात अजूनही कोणी तरी घरी येऊन "कळा वाढायची सुई" टोचून जातो. ती सुई म्हणजे ऑक्सिटोसिन. मोजून, थेंबाथेंबाने, ठोके ऐकत द्यायचं औषध दंडावर एकदम दिलं की पिशवी आवळते ती सुटतच नाही. विहिरीतल्या पोराचं डोकं हाताने पाण्याखाली दाबून धरण्यासारखंच आहे ते. वरून पोट दाबून बाळ ढकलणं हाही तसलाच प्रकार. बाई दवाखान्यात आली की आधी विचारते, सुई दिली का? लाजून लपवू नका, ते कळलं तर पुढचं सगळं आम्ही वेगळ्या तयारीने करतो.

शहरात सिझरचं टेबल लेबर रूमच्या शेजारी असतं. आमच्याकडे ते गाडीच्या चाकांवर तासाभराच्या अंतरावर. म्हणून तीच रेंगाळणारी रांग पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलेलं असताना दिसली, तर १०८ ला फोन. आणि डोकं खाली येऊन टेकल्यावर दिसली, तर गाडीत बाळंत होण्यापेक्षा इथेच लवकर मोकळी करणं. नातेवाइकांना वाटतं, सिस्टर हात झटकतेय. "आता तर ठोके बराबर सांगितले होते!" होते ना. एका कळेआधी.

बाळ गुदमरल्यावर मोठ्या दवाखान्यात सगळं दुरुस्त होईल, अशीही समजूत असते. श्रीमंत देशांत अशा बाळांचं अंग तीन दिवस थंड ठेवतात, त्याचा तिथे फायदा होतो. तोच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या दवाखान्यांत ४०८ बाळांवर तपासला, त्याचा निकाल २०२१ मध्ये आला. फायदा दिसला नाहीच, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. म्हणजे आपल्यासाठी खरी लढाई जन्माच्या आधीचे काही तास आणि नंतरचं एक मिनिट, एवढ्यातच.

तर ती दुसरी रांग. श्रावणातली रात्र, नाल्याला पूर, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, पोडावरून, बैलगाडीने आणलेली पहिलटकरीण. वीज गेलेली, डॉप्लरची बॅटरी मेलेली. पिनार लावला, सासूच्या हातात टॉर्च. कळ ओसरली आणि ७, ७, ८, ८. पुढच्या कळेनंतर पुन्हा तेच. तोंड पूर्ण उघडलेलं, डोकं खाली, पाणी हिरवं. पुरातून गाडी जाणार नव्हती. कुशीवर वळवलं, डॉक्टरांना क्वार्टरवरून बोलावलं, मास्क आणि हाताने दाबून हवा भरायची अंबू बॅग तपासून हाताशी ठेवली. कुशीवरच जोर करवला. वीस मिनिटांत बाळ आलं, गळ्याला दोन वेढे, अंग ढिलं, रडणं नाही.

पुसलं, पाठ चोळली, तरी नाही. अशा बाळाला उलटं धरून थापट्या मारायच्या नसतात, पाणी शिंपडायचं नसतं. पहिल्या मिनिटाच्या आत मास्कने फुप्फुसात हवा गेली पाहिजे. ही विद्या मोठ्या दवाखान्यापुरती नाही, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून ती शिकवली. त्यांच्या गावांत घरोघरी नवजात बाळाची अशी सगळी काळजी घेतल्यावर नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये जगासमोर आलं.

डॉक्टर बॅग दाबत होते. मी नाळेच्या मुळाशी, बेंबीला लागून, दोन बोटांनी ठोके धरले आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या तालावर हवेत हालवत राहिले, म्हणजे डॉक्टरांना मान न वळवता दिसतं. सहा सेकंद मोजायचे आणि दहाने गुणायचं. पहिले आले ५. सासू टॉर्च धरून म्हणाली, "बोट काहून हालवून राहिल्या सिस्टर?" मी म्हटलं, "तुमच्या नातवाचे ठोके हायेत हे, पाहत राहा." अर्ध्या मिनिटाने ९. छाती वर येत होती. मग १४, आणि माझं बोट इतकं भरभर हालायला लागलं की तीच म्हणाली, "आता पळून राहिलं." त्यानंतर ते रडलं.

सकाळी पाणी उतरल्यावर त्याला नवजात कक्षात पाठवलं. उशिरा रडलेल्या बाळाला पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात का, ते मलूल पडतं का, दूध ओढतं का, हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. लोक ज्याला काचेची पेटी म्हणतात तिथे ठेवण्याचं हेही एक कारण. पाचव्या दिवशी घरी आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते, शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. त्या दिवशी मी तिला फोन करून विचारलं, कसं आहे पोरगं? ती म्हणाली, "वजन भरलं मॅडम. अन् माय म्हणते, इतकं जोरात ओढते का दुखून राहिलं."